जुन्या आउटबोर्ड इंजिनाला करंट येत नाही? प्लगपासून मॅग्नेटपर्यंत कसं शोधायचं

"भाऊ, डोरी ओढू ओढू खांदे गेले, पण इंजिन घेऊनच नाही राह्यलं." पावसाळ्याच्या तोंडाशी असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: प्लग काढून पाहिला का? बहुतेकदा उत्तर येतं, "प्लग नाही पाहिला, पण कार्ब्युरेटर खोलला, पेट्रोल बदललं, आता नवा सीडीआय मागवतो." सीडीआय म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा.

मी मुळात पाण्याचे पंप आणि फटफट्या दुरुस्त करणारा माणूस. गोसीखुर्द धरणाचं पाणी वैनगंगेच्या पात्रात वरपर्यंत पसरलं, तशा आमच्याकडे लाकडी डोंग्यांच्या जोडीला फायबरच्या बोटी आल्या. त्यांच्यामागे लागलेली ८, १५, २५ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक इंजिनं बहुतेक जुनी, दोन-तीन हातांतून फिरून आलेली. त्यांचे जाणते मिस्त्री समुद्रकाठी. इथे आपल्यालाच शिकावं लागतं.

शिकताना मी एक चूक केली, ती अजून मनातून जात नाही. मच्छीमारांच्या एका संस्थेच्या इंजिनाला करंट नव्हता. मी वरवर पाहून सीडीआय गेला म्हणालो. त्यांनी वर्गणी करून नवा आणला, मी तो बसवला, तरी करंट नाही. दोन दिवसांनी सापडलं की हँडलच्या आत स्टॉप बटणाची वायर घासून उघडी पडली होती आणि धातूला टेकत होती. इंचभर टेप लावली आणि इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. ते पैसे जाळं ओढून कमावलेले होते. तेव्हापासून मी ठरवलं की आधी तपासायचं, तेही स्वस्त भागापासून महागड्या भागाकडे जात, आणि विकत घ्यायचं ते सगळ्यात शेवटी. खाली सांगतो ती हीच रीत.

काम सुरू करण्याआधी

इंजिन बोटीवरून काढून लाकडी घोडीवर किंवा जाड फळीवर घट्ट कसा. नुसता स्पार्क बघायचा असेल तर पाणी लागत नाही. पण इंजिन चालवून बघायचं असेल तर खालचा भाग पाण्यात हवाच. आम्ही २०० लिटरचा ढोल अर्धा कापून वापरतो. पंख्याच्या वर जी आडवी पाती असते, तिच्याही वर पाणी पाहिजे. कोरडं चालवलं तर आतल्या वॉटर पंपाचं रबरी इम्पेलर काही क्षणांतच खराब होतं, आणि करंट शोधता शोधता दुसरंच काम निघतं.

इंजिन न्यूट्रलला ठेवा. पेट्रोलचा डबा पाइपासकट काढून दहा-बारा पावलं दूर ठेवा. सांडलेलं पेट्रोल पुसून ते फडकंही लांब टाका. आपण मुद्दाम ठिणगी पाडणार आहोत, म्हणून हे नीट करा. प्लगची वायर हातात धरून "बघू झटका बसतो का" असं कोणी करत असेल तर थांबवा. तिथे हजारो व्होल्ट असतात, सीडीआयवाल्या इंजिनात तर फारच जास्त.

दोष करंटचाच आहे का?

आठ-दहा झटके मारा आणि लगेच प्लग काढून बघा. प्लग पेट्रोलने ओला आला तर पेट्रोल पोचतं आहे, करंटवर संशय घ्या. कोरडा आला तर आधी पेट्रोलची वाट तपासा. तेलकट काळा असेल तर तेल जास्त पडतं आहे, किंवा चुकीचं पडतं आहे. फटफटीचं टू-टी तेल हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. बोटीच्या इंजिनात त्याची राख प्लगच्या टोकांत साचून प्लग शॉर्ट होतो. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं तेलच घ्या. प्रमाण ५०:१ असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली. फार जुन्या इंजिनांना याहून जास्त तेल लागतं, ते इंजिनावरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत पाहून घ्या.

प्लगच्या टोकावर पाण्याचा थेंब किंवा तांबेरा दिसला तर टाकीत पाणी आहे. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. पावसाळाभर अर्ध्या भरलेल्या टाकीत पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं होऊन बसतं. ते पेट्रोल पाण्याच्या पंपाला किंवा गाडीला वापरायच्या भानगडीत पडू नका.

स्पार्क कसा बघायचा

प्लग वायरीच्या टोकाच्या टोपीत घाला, प्लगचं लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि मग डोरी ओढा. टेकवायचं म्हणजे क्लिपने किंवा तारेने बांधायचं. हाताने धरलेला प्लग झटक्यासरशी सुटतो, आणि सीडीआयवाल्या इंजिनात करंटला जमीन (इंजिनाच्या धातूतून परतीची वाट) मिळाली नाही तर सीडीआय किंवा कॉईल आतून जळू शकते. दोन सिलिंडर असतील तर दोन्ही प्लग बाहेर काढा आणि दोन्ही बांधा. प्लग काढले की कॉम्प्रेशन राहत नाही, डोरी हलकी येते आणि वरचं चाक (फ्लायव्हील) जोरात फिरतं. हळू ओढलं तर चांगल्या इंजिनातही स्पार्क पडत नाही. प्लग मात्र सिलिंडरच्या भोकापासून लांब बांधा. त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

वैशाखाच्या उन्हात तलावाच्या काठी ठिणगी दिसत नाही. सावलीत न्या, संध्याकाळी करा, नाहीतर डोक्यावरून दुपट्टा ओढून आत बघा. निळी, जाड, टक-टक आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, बारीक, कधी पडणारी कधी न पडणारी ठिणगी कमजोर. उघड्या हवेत ती दिसेलही, पण सिलिंडरातल्या दाबाखाली विझेल.

म्हणून मी प्लगवर विसंबत नाही. जुन्या प्लगचं खालचं वाकडं टोक कापून टाका, की घरगुती टेस्टर तयार. त्यात अंतर जास्त असल्याने कमजोर करंट उडी मारू शकत नाही आणि लगेच उघडा पडतो. बाजारातला अंतर कमी-जास्त करता येणारा टेस्टर असेल तर पॉइंटच्या (करंट तोडणारे धातूचे छोटे संपर्क असलेल्या) इंजिनाला साधारण ६ मिमी आणि सीडीआयला १० ते ११ मिमी एवढी उडी मारता आली पाहिजे.

एक सिलिंडर मेलं की दोन्ही?

इथे वाट दोनकडे फुटते. दोन सिलिंडरांच्या इंजिनात एकाच बाजूला करंट नसेल तर दोष त्या एकाच बाजूच्या भागात आहे: तिचा प्लग, टोपी, वायर, कॉईल, किंवा पॉइंटवालं असेल तर तिचे पॉइंट आणि कंडेन्सर. प्लग अदलाबदल करा. दोष प्लगसोबत गेला तर प्लग खराब. नाही गेला तर दोन्हीकडच्या कॉईल वेगळ्या आणि सारख्या असतील, तर त्या अदलाबदल करा. पैसा खर्च न होता अर्धं कोडं सुटतं. काढण्याआधी वायरांचा मोबाइलवर फोटो काढा.

दोन्ही बाजूंना एकदम करंट गेला असेल तर दोन प्लग एकाच दिवशी मेले असं समजू नका. दोन्हींना सामाईक काय आहे ते शोधा. त्यात पहिला नंबर स्टॉप बटणाचा.

स्टॉप बटण आणि त्याची लाल दोरी

हे बटण करंट "बंद" करत नाही, तो जमिनीत सोडून देतं. म्हणजे ती वायर कुठेही धातूला टेकली की बटण दाबून धरल्यासारखंच झालं. आधी सोपं बघा. मनगटाला बांधायच्या दोरीची चिमटी बटणाखाली नीट बसली आहे का? ती हरवली म्हणून कोणी सुतळी गुंडाळली आहे का? सुतळी ओली झाली, दबली, की बटण आत जातं आणि करंट गेला.

मग स्टॉपची वायर इंजिनापासून सोडवा. यामाहात ती सहसा पांढरी असते, जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या बऱ्याच मॉडेलांत काळी-पिवळी. सोडवलेली टोकं एकमेकांना किंवा धातूला लागू देऊ नका, आणि पुन्हा स्पार्क बघा. करंट आला तर दोष बटणात किंवा वायरीत आहे. हँडल वळतं त्या जागी आणि झाकणाच्या कडेखाली वायर घासते, तिथे बोट फिरवून बघा. इंजिन कोठ्यात किंवा धानाच्या पोत्यांजवळ ठेवलं असेल तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही बघा.

एक गोष्ट फार मनापासून सांगतो. ही वायर सोडवलेली ठेवून पाण्यात जाऊ नका. माणूस बोटीतून पडला की दोरी निघून इंजिन थांबावं यासाठी ती आहे. नाही थांबलं तर बोट गोल फिरून पडलेल्याच्याच अंगावर येते. ढोलात तपासताना वायर सुटलेली असेल तर इंजिन थांबवायला चोक पूर्ण ओढा.

प्लग, टोपी आणि अर्थिंग

प्लगचा नंबर पुस्तिकेतलाच घ्या. एनजीके बी७एचएस हा नंबर आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या इंजिनांत दिसतो. त्यातला बी म्हणजे १४ मिमी आटे, एच म्हणजे १२.७ मिमी लांबी, आणि ७ हा उष्णतेचा अंक. या कंपनीत अंक जितका मोठा तितका प्लग थंड. दुकानदाराने "हाच चालते भाऊ" म्हणून लांब आट्यांचा दिला तर तो आत पिस्टनला लागू शकतो. गॅप (प्लगच्या दोन टोकांतलं अंतर) पॉइंटच्या इंजिनाला साधारण ०.५ ते ०.७ मिमी, सीडीआयला बऱ्याचदा ०.९ ते १ मिमी. नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग पान्याने अर्धा फेरा. सिलिंडरचं डोकं ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर मोठा खर्च.

टोपी उलटी फिरवून वायरीतून काढा. आत हिरवा गंज दिसला तर वायर लांब असल्यास ५-६ मिमी कापून टोपी परत फिरवून बसवा. टोपीत रेझिस्टर असेल तर मीटरवर बहुधा ५ हजार ओहमच्या आसपास दिसेल. काहीच दिसलं नाही तर टोपी बदला, ती स्वस्त आहे. रात्री अंधारात डोरी ओढून वायरीकडे बघा. तडा गेला असेल तिथून निळी रेघ धातूकडे उडताना स्पष्ट दिसते.

कॉईलचे बोल्ट काढा. खाली ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमलेली असते, ती करंटला परत येऊ देत नाही. काळ्या वायरीचं गोल टोक, बोल्टची बैठक आणि कॉईलचा पाय, तिन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करून बसवा. या एका कामाने कमजोर स्पार्क जाड झालेला मी अनेकदा पाहिला आहे.

पॉइंट-कंडेन्सरवालं इंजिन

ज्यांनी राजदूत किंवा जुनी स्कूटर खोलली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. फिरत्या चाकातलं लोहचुंबक कॉईलसमोरून जातं, पॉइंट मिटलेले असताना कॉईलमध्ये करंट धावतो, आणि पॉइंट उघडतात त्या क्षणी तो तुटून प्लगला उडी मिळते. उघडताना पॉइंटवरच ठिणगी पडू नये म्हणून कंडेन्सर.

काही चाकांना वर खिडकी असते, तिच्यातून पॉइंट दिसतात. नाहीतर चाक काढावं लागतं. नट काढा, पुलर लावा, पुलरचा बोल्ट आवळा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नका. क्रँक वाकला तर इंजिन भंगारात जाईल. चाक निघाल्यावर अर्धचंद्र चावी (चाक शाफ्टवर जागेवर धरणारा छोटा तुकडा) उचलून उजेडात धरा. तिच्यावर आडवी पायरी दिसली तर ती अर्धी तुटली आहे आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) सरकलं आहे. अशा इंजिनाला स्पार्क असतो, पण ते उलटा झटका देतं, कार्ब्युरेटरमधून फटाका वाजवतं. पंखा दगडाला किंवा बुडालेल्या झाडाच्या खुंटाला आपटल्यावर असं झालं तर थेट ही चावी बघा. धरणाच्या पाण्याखाली जुनी झाडं आहेत, त्यामुळे आमच्याकडे हे नेहमीचं.

आता पॉइंट. चांगल्या पॉइंटचा रंग राखाडी, एकसारखा. वापर नसलेल्या इंजिनात त्यांच्यावर डोळ्याला न दिसणारा थर बसतो आणि करंट पूर्ण बंद होतो. पातळ कानस किंवा बारीक पॉलिश पेपर दोन-चारदाच फिरवा, मग पेट्रोलमध्ये बुडवलेलं कापड, आणि शेवटी कोरं पोस्टकार्ड मिटलेल्या पॉइंटमधून ओढा. कार्डावर काळी रेघ उमटेल. रेघ उमटणं थांबेपर्यंत कार्डाची नवी जागा घेऊन ओढत राहा. ही पायरी लोक सोडतात आणि मग पेपरचा कण अडकून पुन्हा करंट जातो.

गॅप मोजताना पॉइंट उघडणाऱ्या कॅमच्या उंचवट्यावर पॉइंट सर्वात जास्त उघडतील असं चाक फिरवा. जुन्या अमेरिकन इंजिनांना ०.०२० इंच म्हणजे अर्धा मिमी, जपानी बऱ्याच इंजिनांना ०.३ ते ०.४ मिमी. गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं, म्हणून अंदाजाने ठेवू नका. कॅमला टेकलेल्या नमद्यावर ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका पुरे. जास्त लावलं तर उडून पॉइंटवरच बसेल.

पॉइंट जळून एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टोक तयार झालं असेल, तर कंडेन्सरवर बोट ठेवा. साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड लागतो. मीटरवर बरोबर दिसणारा कंडेन्सरही गरम झाल्यावर दगा देतो, म्हणून पॉइंट बदलताना मी कंडेन्सरही बदलतो. चाकाखाली ताजं तेल पसरलेलं दिसलं तर वरचं ऑइल सील गळतं आहे. ते बदलल्याशिवाय पॉइंट पुन्हा पुन्हा खराब होतील.

परत जोडताना शाफ्टचा निमुळता भाग आणि चाकाचं भोक कोरडं, स्वच्छ हवं. तिथे तेल-ग्रीस लावू नका. नट पुस्तिकेतल्या जोरानेच आवळा. ढिला राहिला तर चावी तुटते.

सीडीआयवालं इंजिन

इथे पॉइंट नाहीत. चाकाखाली चार्ज कॉईल (सीडीआयला करंट देणारी) आणि पल्सर कॉईल (ठिणगीची वेळ कळवणारी), बाहेर राळेने भरलेला सीडीआयचा डबा, मग इग्निशन कॉईल. डबा खोलून दुरुस्त होत नाही आणि साध्या मीटरने त्याची खात्रीही करता येत नाही. म्हणून बाकी सगळं निर्दोष ठरल्यावरच तो दोषी धरायचा.

सगळे जोड काढा, पिनांवरचा हिरवा गंज घासा, परत घट्ट बसवा. मग चार्ज कॉईल आणि पल्सर कॉईल सीडीआयपासून सोडवून ओहम मोजा. मॉडेलप्रमाणे हे आकडे फार बदलतात, म्हणून पुस्तिका मिळवा. मीटर अनंत दाखवत असेल तर तार तुटली. कॉईलची वायर आणि इंजिनाचं अंग यांच्यात जोड दिसला तर आत शॉर्ट आहे. पण काही कॉईलचं एक टोक मुळातच जमिनीला असतं, ते आधी पुस्तिकेत बघा.

आपल्या भागासाठी एक खास गोष्ट. पुस्तिकेतले आकडे बहुधा २० अंशांना मोजलेले असतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. तांब्याच्या तारेचा ओहम दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २५ अंशांच्या फरकाला १० टक्के. पुस्तिकेत ३०० असेल आणि तुम्हाला ३३० दिसले, तर कॉईल चांगली आहे. मोजमाप पहाटे करा, उन्हात तापलेल्या इंजिनावर करू नका.

कॉईल बरोबर दिसूनही करंट नसेल तर डोरी ओढताना तिचं व्होल्टेज बघावं लागतं, पण ते क्षणभराचं असल्याने साधा मीटर पकडत नाही. त्यासाठी मीटरला पीक व्होल्टेजचा अडॅप्टर लागतो. तो नसेल तर त्याच मॉडेलच्या चालू इंजिनावरून सीडीआय काढून तासाभरासाठी लावून बघा. शेजारच्या गावात तेच इंजिन असतं, मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही.

अर्ध्या तासाने बंद पडणारं इंजिन

थंड असताना पहिल्या झटक्याला सुरू, पाण्याच्या मध्यावर जाऊन बंद, अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. हा दोष सगळ्यात जास्त छळतो. आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद राहिला तर टाकीत हवा जात नाही आणि इंजिन असंच मरतं. पेट्रोलच्या पाइपातला रबरी फुगा चपटा झाला असेल तर हेच कारण. स्क्रू उघडून फुगा दाबा.

फुगा ठीक असेल तर बंद पडल्याच्या मिनिटभरात टेस्टर लावा. घरी आणेपर्यंत कॉईल थंड होते आणि सगळं चांगलं दिसतं. गरम असतानाच करंट नसेल तर इग्निशन कॉईल, चार्ज कॉईल किंवा कंडेन्सर तापून आतून तुटतो आहे. गरम कॉईलवर ओला कपडा ठेवा. दोन मिनिटांत करंट आला तर चोर सापडला. इंजिन एवढं तापतंच का आहे, तेही बघा. आमच्याकडे जलपर्णी पाणी ओढायच्या जाळीवर चिकटते, आणि पाण्याची धार दाखवणाऱ्या बारीक भोकात कुंभारीण माशी मातीचं घर करते. भोकात बारीक तार घालून माती काढल्यावर धार सुरू झालेली मी स्वतः पाहिली आहे.

मे महिन्यातच करून ठेवा

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावंच्या गावं पाण्यात होती. अशा वेळी बोट सुरू व्हायलाच हवी, आणि तेव्हा पॉइंट घासायला वेळ नसतो. पहिल्या पावसाआधी ढोलात अर्धा तास इंजिन चालवा, पूर्ण गरम करा, बंद करा, गरम असतानाच पुन्हा सुरू करून बघा.

बोटीत घट्ट झाकणाचा एक डबा ठेवा. त्यात गॅप लावलेले दोन नवे प्लग कागदात गुंडाळून, प्लगचा पाना, घरगुती टेस्टर, एक टोपी, स्टॉपची जास्तीची चिमटी, टेप, पॉलिश पेपर, कोरं पोस्टकार्ड, अर्धचंद्र चावी, आणि स्टार्टर तुटला तर चाकाला गुंडाळायला गाठ मारलेली दोरी. आणि डब्याच्या बाजूला वल्ही. इंजिन नवं असो की जुनं, वल्ह्यांशिवाय आमच्याकडे कोणी पाणी ओलांडत नाही.